३०३ च्या चारही बाजू

१

मला वाटलं होतं, आत्याच्या कपाटात तिचा लोभ सापडेल: घरांच्या भावांचे आलेख, विकायचे मुहूर्त, दलालांची पत्रं. सापडली एक लांबट वही, आणि तिच्यात फक्त वेळा.

सहा वर्षं मी दूर देशी राहून घरांचा अभ्यास केला होता. घरं बांधायची कशी याचा नव्हे, बांधलेली घरं रिकामी का राहतात याचा. माणसं घर शोधत वणवण करतात आणि त्याच रस्त्यावर दहा घरांना कुलूप असतं, हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही होत नाही. माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्यच होतं: कुलूप लावलेलं घर ही दुसऱ्या कुणाची तरी हिसकावलेली रात्र असते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आत्या होती, हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तीस वर्षं कारकुनाची नोकरी केली आणि बचतीतून एकाच इमारतीत चार फ्लॅट घेतले. चारही बंद. आमच्या भागातले दलाल तिला मागून 'कुलूपबाई' म्हणत. भाड्याने का देत नाही असं कुणीही विचारलं, की तिचं एकच उत्तर: "मनासारखा माणूस मिळत नाही."

मी परतले त्याच महिन्यात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती आमच्याकडे राहायला आली. तिच्या राहत्या घरालाही कुलूप लागलं. म्हणजे एकूण पाच.

"फेरी तुला मारावी लागेल," किल्ल्यांचा जुडगा देत ती म्हणाली. "बंद घरात मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं. सुकलं की गटाराचा वास वर येतो, झुरळं येतात. एकेक मग पाणी ओतायचं, नळ सोडून बघायचा, ओल कुठे आली का बघायचं आणि निघायचं. महिन्यातून एकदा पुरे."

"कोणत्या तारखेला?"

"तारीख ठरवायची नाही. वारही नाही. आणि दर वेळी वेगळीकडून सुरुवात करायची."

"का?"

"म्हणून."

वहीत तेच होतं. '३०४. सकाळी १०.४०. मोरी आधी. नळ एकच.' त्याखाली, '२०३. संध्याकाळ. दिवा लावला नाही.' मग, '४०३. दारातूनच परत.' ना क्रम, ना कारण. जन्मभर दुसऱ्यांची दप्तरं लावलेल्या बाईची वही अशी असावी? मला त्यात काहीतरी लपवल्याचा वास आला.

२

मी पद्धत बसवली. तेच तर शिकून आले होते.

दर शनिवारी दुपारी ठीक तीन. आधी २०३, मग ३०४, मग ४०३, शेवटी ३०२. प्रत्येक घरात तोच क्रम: दिवाणखान्यातला दिवा, स्वयंपाकघरातला नळ, न्हाणीघरातला नळ, मोरीत एक मग पाणी. पुठ्ठ्याला लावलेल्या कागदावर खूण करायची आणि मोठ्याने म्हणायचं, "झालं." मोठ्याने म्हटलं की काही राहत नाही, अशी मला सवय आहे.

घरं चांगली होती. पूर्वेचा उजेड, कोरड्या भिंती, एकही तडा नाही. फक्त आत्याने जिथे तिथे विचित्र सोय केली होती. ३०२ मध्ये एका भिंतीला टेकून जुन्या गाद्या उभ्या केल्या होत्या, थेट छतापर्यंत. ३०४ मध्येही तसंच, पण समोरच्या भिंतीला. ४०३ मध्ये जमिनीवर सतरंज्यांचे सहा थर. साठवण, मी मनात म्हटलं. एकट्या माणसाला सामान टाकवत नाही.

दुसऱ्या शनिवारी ३०२ च्या मोरीत मी पाणी ओतलं आणि मग खाली ठेवला. पलीकडे, भिंतीच्या आत कुठेतरी, पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ मग ठेवल्याचा.

नळांची उभी लाइन सामायिक असते. आवाज वर-खाली फिरतात. मी खूण केली. "झालं."

तिसऱ्या शनिवारी २०३ मध्ये स्वयंपाकघरातून न्हाणीघरात गेले, तर डोक्यावर कुणीतरी तेवढीच पावलं चाललं. मी थांबले. पावलं दोन जास्त पडली आणि थांबली. कुठूनसा एका पुरुषाचा सपाट, संथ आवाजही येत होता, बातम्या वाचाव्यात तसा. वर कुणाचा तरी रेडिओ लागला असेल.

२०३ च्या वर ३०३. तो आत्याचा नव्हता. तिथे कुणीतरी राहतं, एवढाच अर्थ मी घेतला आणि मला उलट बरं वाटलं. या मजल्यावर निदान एका घरात तरी माणूस आहे.

३

३०२ भाड्याने द्यायचं मी ठरवलं, तेव्हा आत्याला विचारलं नाही. बाबांना विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिला कळलं तर तुला त्याच कुलपात घालेल."

दलाल नाकावर चष्मा ठेवून बोलणारा होता. "मॅडम, खरं सांगू? एका इमारतीत चार घेणारे मी पाहिलेत. भाव वाढेल म्हणून. पण तुमच्या आत्यांनी भाव वाढल्यावरही विकलं नाही, पडल्यावरही विकलं नाही. हा गुंतवणूकदार नव्हे, हा पहारेकरी झाला."

त्याने एक नर्स आणली. सरकारी दवाखान्यात काम करणारी, चाळिशीची, सोबत म्हातारी आई. राहत्या घराचा मालक बदलला होता आणि नव्या मालकाने महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितलं होतं. हातात नऊ दिवस. नर्स वाया घालवायला शब्द नसल्यासारखं एकेक विचारत होती: पाणी किती वेळ, पावसात कुठली भिंत ओलावते, लिफ्ट बंद पडली तर जिना किती उंच, आधीचे भाडेकरू का गेले.

"बरीच वर्षं बंद होतं," मी म्हटलं.

"आणि शेजारी?"

"३०३ रिकामा," दलाल म्हणाला. "विकलाच गेला नाही कधी. भांडायला कुणी नाही, यापेक्षा चांगला शेजार कुठला?"

"नाही, तिथे कुणीतरी राहतं," मी म्हटलं.

"राहील कसं मॅडम? खाली मीटरच्या फळीवर जाऊन बघा."

मी जाऊन पाहिलं. ३०२ चं मीटर होतं, ३०४ चं होतं. मध्ये एक चौकोनी भोक आणि त्यात कापून गुंडाळलेल्या दोन वायरी.

कुणीतरी चोरून राहतंय, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार लगेच आला, आणि त्याची मला लाजही वाटली नाही: आत्याला हे माहीत आहे.

४

नर्सच्या आईची एक अट होती. "मी एक अख्खा दिवस बसून पाहिल्याशिवाय घर घेत नाही. माणूस तासभर कुणाशीही गोड वागतं, घराचंही तसंच आहे."

"आई दिवसभर एकटी असते, ताई," नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली. "माझ्या पाळ्या बारा तासांच्या. ती जिथे रमेल तिथेच मला निर्धास्त कामावर जाता येईल. बाकी मला भिंती चार असल्या की झालं."

बुधवारी आजींना मी सकाळी ३०२ मध्ये सोडलं. खुर्ची, पाण्याचं भांडं, स्टीलचा पेला. भिंतीच्या गाद्या मी आदल्या दिवशीच काढून टाकल्या होत्या. दुपारी बघायला गेले तर आजी खुशीत.

"उजेड छान. वारा ठीक. आणि शेजारी म्हणशील तर सोन्यासारखे. अगं, मला हा कोरडा खोकला. मी खोकले की पलीकडे कुणीतरी खोकतं. मी पेला ठेवला की तेही ठेवतात. म्हटलं, चला, माझ्याच वयाचं कुणीतरी आहे."

"आजी, पलीकडे कुणी नाही."

"तुला काय माहीत? तू कुठे खोकतेस?"

संध्याकाळी नर्सबरोबर त्यांना घ्यायला गेले तेव्हा आजी दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. घर पसंत असल्याचं त्यांनी सांगितलं. जिना उतरताना माझ्या दंडाला धरून सहज म्हणाल्या, "फक्त एक. चारनंतर ते माझ्या आधी खोकायला लागले. मी तोंडाला पदर लावते, तोवर पलीकडून आवाज. मग मला खोकला यायचाच. हसूच आलं मला."

"आई, पाय बघ," नर्स म्हणाली.

रविवारी सकाळी सामान आणायचं ठरलं. नऊ वाजता टेम्पो.

५

त्या रात्रीच्या जेवणानंतर मी इमारतीचा उभा छेद काढायला बसले. आम्हाला पहिल्या वर्षी तेच शिकवतात: घर समजायचं असेल तर ते कापून बघा. मजले काढले, फ्लॅटचे चौकोन काढले, आत्याचे चार रंगवले.

३०२ डावीकडे. ३०४ उजवीकडे. २०३ खाली. ४०३ वर. मध्ये एक पांढरा चौकोन.

कागद घेऊन मी आत्याच्या पलंगाशी गेले. मनात सगळी फिर्याद तयार होती: तिथे कोण ठेवलंय, कुणाची कागदपत्रं दाबलीत, कशासाठी चार घरं माणसांना नाकारलीत.

आत्याने चित्र बराच वेळ पाहिलं. "बरोबर काढलंयस," ती म्हणाली. "मधला मिळाला नाही. बिल्डर गेला, कागद अडकले. म्हणून चारही बाजूंचे घेतले."

"पण कशासाठी?"

"३०२ मी पहिल्यांदा घेतला तो भाड्याने द्यायलाच. एक निवृत्त मास्तर राहायचे. एकटेच. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायची सवय." तिने पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "फार नियमित माणूस."

"मग?"

"मग काही नाही. चपला दाराशीच होत्या, आणि ते आत जमिनीवर."

मला तो सपाट, संथ आवाज आठवला. आठवला, आणि मी तो तितक्याच घाईने मनातून पुसलाही. म्हाताऱ्या माणसाला मरण येतं. एकट्या बाईला त्यातून भीती बसते. भीतीतून माणसं सगळी बचत ओतून चार फ्लॅटसुद्धा घेतात. हे दुःखद आहे, पण यासाठी एका नर्सने रस्त्यावर का यावं?

"मी ३०२ दिलाय," मी सांगितलं. "रविवारी येतायत."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने एकामागून एक प्रश्न विचारले, दलालाला विचारावेत तसे. "किती माणसं? दिवसा घरी कोण असतं? बोलकं आहे का? रोजच्या वेळा ठरलेल्या आहेत का?" आणि शेवटी, माझ्याकडे बघून, "फेऱ्या कशा मारतेस तू?"

मी अभिमानाने तिला पुठ्ठा दाखवला. शनिवार, तीन वाजता, क्रम, खुणा.

आत्याने डोळे मिटून घेतले. "शिकवलंस गं," ती म्हणाली.

मला वाटलं, ती माझ्या शिक्षणाला टोमणा मारतेय. मी दार आपटून बाहेर आले.

६

शनिवारी तीन वाजता मी शेवटची फेरी मारायला गेले. नीट कारण ठरवून गेले होते: कुणी चोरून राहत असेल तर पकडायचं, नसेल तर स्वतःच्या डोक्यातली भीती मोडायची. म्हणून थेट ३०२ मध्ये शिरले आणि काहीही न करता दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिले. बाहेर लख्ख ऊन. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटा.

पलीकडे बटण वाजलं. दिव्याचं.

मग नळ सुटला. थोडा वेळ वाहिला, बंद झाला. मग दुसरा नळ. मी मोजत होते. प्रत्येक गोष्टीला माझ्याइतकाच वेळ लागत होता. आणि मग माझ्या आवाजात, मी खूण करताना म्हणते तसंच किंचित घाईचं: "झालं."

दिवाणखान्यातला दिवा लागलेला होता. बटणावर माझं बोट होतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि माझं मनगट ओलं होतं. मी कधी चालले, ते मला माहीत नाही.

लक्ष नव्हतं, एवढंच. सवयीने माणूस करतो. मी हे मोठ्याने म्हणणार होते, पण ओठ मिटले. पलीकडे ऐकायला कुणीतरी आहे हे माझ्या आधी माझ्या तोंडाला कळलं होतं.

३०२ आणि ३०३ ची न्हाणीघरं एकाच डक्टमध्ये, पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडतात. मधलं अंतर हातभर. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि वरच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आडव्या केल्या.

समोरच्या खिडकीला काचाच नव्हत्या. आत ऊन तिरपं पडलं होतं. न्हाणीघर कोरडं होतं, वर्षानुवर्षांचं कोरडं. भिंतीतून आलेल्या पाइपांच्या तोंडांना बिल्डरच्या माणसांनी कोंबलेल्या चिंध्या तशाच होत्या. नळ बसवलेलाच नव्हता. जमिनीवर धूळ बोटभर, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही.

आणि पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

कोपऱ्यात, ऊन संपतं तिथे, एक हात होता. हातामागे जे होतं त्याकडे मी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि ते मला आठवत नाही. हात कंबरेइतका उंच धरलेला, पाण्याचा मग धरावा तसा. पण बोटं सरळ, एकमेकांपासून दूर, तळवा वर. मग म्हणजे काय ते ज्याने कधी पाहिलं नाही, फक्त वर्षानुवर्षं भिंतीतून ऐकलं आहे, तो असा धरेल. हात तिरका झाला. त्यातून काहीही सांडलं नाही. पाण्याचा आवाज हातातून येतच नव्हता. तो त्याच्या बराच वरून येत होता, तोंड असावं तिथून.

मी काचा बंद करायला हव्या होत्या. पट्ट्यांवर माझा हात होता. पण तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. दोनदा. आजींचा.

मग स्टीलचा पेला पडला. पडला, घरंगळला, बऱ्याच वेळाने थांबला. मग काहीतरी जड, एकदाच, जमिनीवर. मग आजी लेकीला मारतात तशी एक हाक, अर्धी.

मग बराच वेळ काही नाही. सायकलची घंटासुद्धा नाही.

आणि अगदी शेवटी, माझ्या आवाजात, खूण केल्यासारखं: "झालं."

७

रविवारी सकाळी सहालाच मी आत्याच्या पलंगाशी जाऊन बसले. ती जागीच होती. आदल्या संध्याकाळपासून तिने मला काही विचारलं नव्हतं. फक्त मी जेवताना पेला खाली ठेवायला घाबरते आहे, हे पाहिलं होतं.

रात्रभर मी स्वतःशी वाद घातला होता. नळांची लाइन, डक्ट, उन्हाचा खेळ, अपुरी झोप. प्रत्येक कारण खरं वाटत होतं. चारही कारणं एकत्र ठेवली तरी त्यांत ती अर्धी हाक बसत नव्हती. आणि माझं चुकत असेल तर एक घर रिकामं राहील, एवढंच. माझं बरोबर असेल तर नर्स बारा तासांची पाळी करून येईल आणि चपला दाराशीच असतील.

"आत्या, तुझ्या राहत्या घराची किल्ली दे."

त्या घरात तिची चाळीस वर्षं होती, तिची शिलाई मशीन, तिची खिडकी. "किती दिवस?"

"त्यांना हवे तितके. तू इथेच राहा. माझ्या खोलीत."

"तू घोरतेस."

"आत्या."

"भिंतीत खिळे ठोकणार नाहीत ना त्या?" तिने उशीखाली हात घातला. किल्ली तिथेच होती. बहुधा दोन दिवस तिथेच होती. "मशीन झाकून ठेवायला सांग."

नऊ वाजता मी टेम्पो इमारतीच्या कोपऱ्यावरच अडवला आणि चालकाला दोन गल्ल्या पलीकडचा पत्ता दिला. नर्सने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं, ताई? शब्द फिरवताय का?"

"घर फिरवतेय. हे जास्त चांगलं आहे. तळमजला आहे, जिना नाही. भाडं तेच."

"लेखी द्याल?"

"आत्ता देते."

ती बॉनेटवर कागद ठेवून ओळ न् ओळ वाचत होती, तेवढ्यात आजींनी टेम्पोच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तिथला शेजार गेला म्हणायचा आपला," त्या हळहळल्या आणि खोकल्या. मी कान देऊन उभी राहिले. कुठूनही उत्तर आलं नाही. मला रडूच कोसळलं. नर्सला वाटलं, धूळ गेली डोळ्यांत.

टेम्पो गेल्यावर मी पुठ्ठ्यावरचा कागद फाडला. आत्याची वही उघडली आणि खाली लिहिलं: '३०२. गाद्या परत लावायच्या. एकटीने नाही. बोलायचं नाही.' वार लिहिला नाही.

दलालाचा फोन आला. "मॅडम, सिस्टर दुसरीकडे गेल्या म्हणे. काही हरकत नाही, माझ्याकडे अजून एक गिऱ्हाईक आहे. शिस्तीचा माणूस, एकटाच, ठरल्या वेळी उठणार, ठरल्या वेळी झोपणार. ३०२ दाखवू का?"

तोंडाशी आलेले शब्द माझेच आहेत ना, याची आधी खात्री करून घेतली.

"नको," मी म्हटलं. "मनासारखा माणूस मिळत नाही."